कंडक्टर आजोबांचा उपास

गल्लीतले लोक त्या दोघांना 'जोडा' म्हणत. चपलेचा जोडा असतो ना, एक दारात दिसली की दुसरी जवळपासच कुठेतरी उलटी पडलेली असणार, तसे हे दोन परदेशी मिशनरी. पांढरा शर्ट, काळी पँट, खांद्याला पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र आणि त्याखाली दुपारसाठी घेतलेला पाव. वयाने मोठा होता त्याला लोक थोरला म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा. धाकट्याला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. घरीही तो शेंडेफळच, तेव्हा हे नाव त्याला नवीन नव्हतं. नवीन होतं ते बाकी सगळं.

जोडीने राहायचं, हा त्यांच्या मिशनचा पहिला नियम. कायम एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात. एकाची दाढ दुखली तर दोघांनी दातांच्या डॉक्टरकडे जायचं. एकाला केस कापायचे असले तर दुसऱ्याने न्हाव्याच्या दुकानात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळायची. फोन जोडीत एकच, आणि तो थोरल्याच्या खिशात. घरी बोलायचं आठवड्यातून एकदा. परक्या बाईबरोबर एकट्याने कुठे जायचं नाही, गाडीवर बसायचं नाही. नियम इतके होते की मोडायला वेळ मिळू नये, असं थोरला कधीकधी गमतीने म्हणे. तो मोडत मात्र नसे. शर्टाची कॉलरसुद्धा तो रोज रात्री ठरल्या वेळी घासायचा.

सकाळी अभ्यास, मग आळीपाळीने स्वयंपाक, आणि मग दारं. धाकट्याला सगळ्यात जड गेली ती ही दारं. परक्या भाषेतलं नमस्काराचं वाक्य जिन्यात घोकत वर जावं, बेल दाबावी, हसरा चेहरा करावा आणि दार नाकावर आपटावं. एका बाईंनी तर काही विचारायच्या आत कुत्रा सोडला होता. भीक नको पण कुत्रं आवर, ही गावाकडची म्हण तो आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आला होता. ती आपल्याच पोटरीसाठी केलेली आहे, हे त्या दिवशी कळलं.

धाकट्याचे वडील पाळक, आजोबाही पाळक. तो निघाला तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, बायकांनी पदर डोळ्यांना लावला होता. आता दर आठवड्याला फोनवर वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणी ऐकतंय का रे?" आणि धाकट्याचं उत्तरही ठरलेलं, की ऐकतात की, हळूहळू ऐकतात. खरी गोष्ट अशी की कंडक्टर आजोबांचं दार उघडेपर्यंत एक चिटपाखरूही ऐकत नव्हतं.

कंडक्टर आजोबा जन्मभर शहरातल्या बसवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी जिभेवरची बस काही थांबली नव्हती. पहिल्या दिवशी दार उघडून त्यांनी या दोघांना वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "आत सरका, दारात गर्दी नको." धाकटा इतका गांगरला की खरोखरच पुढे सरकला. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. एक लोखंडी पलंग, एक रेडिओ, आणि खुंटीला नोकरीतली तिकिटांची चामड्याची पिशवी. बायको तर ते नोकरीत असतानाच गेली होती. म्हातारा बोलायला माणूस शोधत होता आणि या दोघांना ऐकायला माणूस हवा होता. देवाचं काम नंतर, आधी दोन्हीकडची गरज जुळली.

आजोबांना साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन. ते स्वतः घेत, आणि बसची वेळ चुकली नाही तशी तीही वेळ कधी चुकू देत नसत. गोडाचं नाव काढलं की मात्र त्यांचं लहान मूल होई. मागच्या वर्षी त्यांनी जॅमची बाटली एका बैठकीत संपवली आणि साखर चढून जमिनीवर आडवे झाले. तेव्हापासून त्यांच्या मुलीने घरातला साखरेचा कण न् कण उचलून नेला होता आणि दाराची दुसरी किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली होती.

पण म्हाताराही काही कच्चा नव्हता. पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा द्यायचा म्हणजे अब्रू गेली, म्हणून त्यांनी साखरेची एक पुडी तिकिटांच्या पिशवीत लपवली होती. दोघांच्या कपात ती घालताना ते म्हणत, "हा राखीव कोटा आहे. बोलायचं नाही कुठे." मग स्वतःचा फिका चहा घेऊन या दोघांच्या कपांकडे टक लावून बसत. स्वतः कधी चिमूटही घेत नसत. जॅमच्या बाटलीची धास्ती त्यांनाही बसली होती.

ती मुलगी गावातल्या हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या एका कारखान्यात मुकादमीण होती. चाळिशीतली, उंच, हातांवर वाफेने भाजल्याचे जुने डाग. ती दर आठवड्याला औषधं घेऊन यायची, डब्यात लावून ठेवायची, सगळी कपाटं हुंगून बघायची आणि निघून जायची. यायची, पण बसायची नाही. तिची आई गेली त्या दिवशी आजोबा जादा पाळीवर होते. निरोप मिळूनही त्यांनी ती फेरी पूर्ण केली, मधे बस सोडून येता येत नाही म्हणून. तेव्हापासून मुलगी बापाच्या घरी पाण्याचा घोटही घेत नव्हती. जबाबदारी सोडली नव्हती, माया मात्र कुलूपबंद केली होती.

तिने एकदा या जोड्याला जिन्यात गाठलं होतं. गोष्टी सांगा, गाणी म्हणा, त्याला ना नाही, असं तिने आधी साधेपणाने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण त्यांच्या खाण्यापिण्यात न् औषधात नाक खुपसलंत, तर परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन तक्रार करीन. पुढच्या विमानात बसवीन दोघांना."

ही नुसती धमकी नव्हती. शेजारच्या शहरात अशाच एका तक्रारीवरून सगळ्या मिशनऱ्यांचे परवाने गेले होते. मिशनच्या प्रमुखांनी सगळ्यांना बोलावून बजावलं होतं, की ज्याच्यामुळे तक्रार येईल तो त्याच आठवड्यात घरी जाईल. वेळेआधी घरी परतलेला मिशनरी म्हणजे काय, हे धाकट्याने आपल्या मंडळीत पाहिलं होतं. एक जण तसा आला होता. कोणी त्याला काही बोललं नाही आणि कोणी त्याच्या शेजारीही बसलं नाही.

आणि एवढं सगळं ठाऊक असताना धाकट्याने नको तेच केलं.

त्यांच्यात महिन्याच्या एका रविवारी उपास असतो. शनिवारच्या रात्रीच्या जेवणापासून रविवारच्या रात्रीच्या जेवणापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही, आणि त्या काळात मनातली एक गोष्ट देवापुढे मांडायची. गेल्या भेटीत धाकट्याने आजोबांना हे समजावून सांगितलं. त्या दिवशी त्याची भाषा कशी कोण जाणे, नळासारखी वाहत होती. म्हातारा पुढे वाकून ऐकत होता. त्याने विचारलं, असा उपास केला की मागितलेलं मिळतं का? धाकटा म्हणाला, मनापासून केला तर देव ऐकतो. तेव्हा आजोबांनी चष्मा काढला आणि ते रडले. एवढ्या महिन्यांत धाकट्याच्या बोलण्याने कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

यापुढचं एक वाक्य त्याला तोंडपाठ होतं. आजारी माणसांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी उपास करायचा नाही, त्यांनी नुसती प्रार्थना करावी. शिकवताना हे वाक्य उपासाबरोबरच सांगायचं असतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण रडणाऱ्या माणसाला 'हे तुमच्यासाठी नाही' असं सांगायचं त्याच्या जिवावर आलं. पुढच्या भेटीत सांगू, असं त्याने ठरवलं. थोरला तेव्हा मोरीत कप विसळत होता आणि नळ चालू होता. आजोबांनी डोळे पुसत एवढंच विचारलं, की कधीपासून कधीपर्यंत. धाकट्याने सांगितलं. मग आजोबा म्हणाले की रविवारी रात्री मी तुमच्याच खोलीवर जेवायला येईन.

तो रविवार उजाडला. संध्याकाळ झाली. जोड्याने खोलीवर सूप उकळत ठेवलं, पाव कापला आणि आजोबांची वाट पाहिली. म्हातारा वेळेच्या आधी येणारा माणूस. सूप आटलं, त्यात पाणी घालून झालं, तरी जिन्यात पाऊल वाजेना. थोरला म्हणाला, विसरले असतील. आणि त्याच क्षणी, धाकट्याने हातातला पाव खाली ठेवला. आजोबांनी 'जेवायला येईन' असं का म्हटलं होतं, ते त्याला आत्ता समजलं. पाहुणे म्हणून नव्हे, उपास सोडायला येणार होते ते.

थोरल्याला काही न सांगता तो चपला घालून निघालाच. थोरला गॅस बंद करून, कॉलरचं बटण लावत मागे धावला.

आजोबांचं दार बंद होतं आणि आत रेडिओ चालू होता. एक माणूस बातम्या सांगत होता. आजोबा शेजाऱ्याशी बोलायलासुद्धा रेडिओ बंद करून बाहेर येत, वीज काय फुकट येते का म्हणत. दोघांनी बेल दाबली, दार ठोठावलं, हाका मारल्या. बातम्या संपून गाणी लागली. समोरच्या बाई दार उघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दुपारपासून वाजतोय तो, मला वाटलं जोडा आला असेल.

थोरला म्हणाला, "झोप लागली असेल रे."

"त्यांनी उपास धरलाय," धाकटा म्हणाला. "मी सांगितलेला."

"आजाऱ्यांना नसतो, ते सांगितलं होतंस ना?"

धाकट्याने मान खाली घातली. थोरल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने खिशातून फोन काढला आणि रुग्णवाहिका बोलावली. पलीकडचा माणूस म्हणाला की गाडी लांब आहे, निघते आहे, तोवर दार उघडून ठेवा. पण दार जुन्या लाकडाचं, जाडजूड. दोघांनी खांदे लावून पाहिले, खांदेच दुखले. समोरच्या बाई म्हणाल्या, दुसरी किल्ली मुलीकडे, आणि मुलगी रविवारी संध्याकाळच्या पाळीला असते. फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता. कारखाना मात्र त्यांनी हात करून दाखवला, बस डेपोच्या मागे.

एकाने दाराशी थांबायला हवं होतं. गाडी आली तर वर आणायला कोणीतरी हवं, आणि आजोबांनी आतून आवाज दिला तर ऐकायलाही. थोरला नियमाचा माणूस. तोच म्हणाला, "जा. एकटा जा."

परक्या गावात पाय ठेवल्यापासून धाकटा पहिल्यांदाच एकटा रस्त्यावर होता. शेजारी कोणी नाही, हे त्याच्या खांद्यालाच जाणवत होतं. शनिवारच्या रात्रीपासून त्यानेही पाण्याचा थेंब घेतला नव्हता. जीभ टाळ्याला चिकटली होती आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तो तरुण आणि धडधाकट असून त्याची ही गत, तर इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलेल्या म्हाताऱ्याची काय असेल? त्याच्या आजीलाही हाच आजार होता. आई तिला सुई टोचल्यावर घास भरवल्याशिवाय जागची हलू देत नसे, आणि उशीखाली साखरेची पुडी ठेवत असे. न सांगितलेलं ते वाक्य त्याच्या डोक्यात नुसतं नियम म्हणून नव्हतं. त्याला त्याचा अर्थ माहीत होता, आणि म्हणूनच त्याला स्वतःची चीड आली.

धावता धावता चीड मागे पडली आणि भीती पुढे आली. खाई त्याला खवखवे. मुलीला काय सांगायचं? आम्ही सहज गेलो होतो, दार बंद होतं, एवढं सांगितलं तर त्यात खोटं काय आहे? प्रत्येक कोपऱ्यावर तो हे वाक्य परक्या भाषेत जुळवत होता, आणि दार ठोठावायच्या वाक्यापेक्षा ते कितीतरी सफाईने जुळत होतं.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने त्याला अडवलं. आत बायकांची पाळी, पुरुषांना मनाई. धाकट्याने मुकादमीणबाईंसाठी निरोप सांगितला, पण रखवालदाराला काही घाई दिसेना. तेव्हा धाकटा त्याच्या हाताखालून आत घुसला. आत वाफेचा नुसता लोट. पांढऱ्याशुभ्र चादरी रुळांमधून सरकत होत्या, बायका दोन्ही टोकं धरून त्यांच्या घड्या घालत होत्या, आणि यंत्रांच्या आवाजात हाक कोणाला ऐकू जाईना. मुलीलाच तो आधी दिसला. त्याला एकटा पाहून तिचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

"पडलेत?" तिने विचारलं.

"दार उघडत नाहीत."

तिने अंगावरचा एप्रन जागीच टाकला. बाहेर तिची स्कूटर होती. मागे बस, ती म्हणाली. परक्या बाईच्या गाडीवर बसायचं नाही हा नियम धाकट्याला आठवला तोवर गाडी डेपोच्या पुढे गेलेली होती.

वाऱ्यात तिचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. परत जॅम खाल्ला असणार. काल कपाटामागे बिस्किटं सापडली होती. मेला म्हातारा सुधारायचा नाही, दुसरं काय. ती बापाला शिव्या देत होती आणि गाडी मात्र अशी पिटाळत होती की धाकट्याने दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट धरली. त्याला काहीच बोलायची गरज नव्हती. गोष्ट तिने स्वतःच तयार केली होती आणि तिच्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याला किती हलकं वाटलं, हे त्याने नंतर कधी कोणाला सांगितलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी थोरला रस्त्यात उभा होता. रुग्णवाहिका चुकीच्या गल्लीत शिरली म्हणून तो तिला आणायला खाली आला होता. त्याला मागे टाकून दोघं जिना चढले. किल्ली फिरली.

आजोबा पलंगाजवळ जमिनीवर कुशीला पडले होते. अंगावर बाहेर जायचे कपडे होते, पायांत मोजे होते, एका पायात बूट. उपास सोडायला निघाले होते म्हातारबा. सगळं अंग घामाने थबथबलं होतं आणि हात गार होता. डोळे अर्धवट उघडे, ओठ पुटपुटत होते, पण माणूस कोणाला ओळखत नव्हता. मुलीने त्यांना ओढून पलंगाला टेकवलं. साखर मोजायचं यंत्र तिने खणातून काढलं, कळ दाबली, ते ढिम्म. सेल संपला होता. तिने ते भिरकावून दिलं आणि फडताळातून इन्सुलिनचं पेन घेतलं.

"चढलीय," ती स्वतःशीच बोलावं तसं बोलली. "मागच्या वेळीही असेच पडले होते. डॉक्टरने आल्या आल्या सुईच दिली होती."

तिने टोपण काढलं. पेनच्या टोकाशी असलेलं, औषधाचं माप ठरवायचं चाक ती फिरवू लागली, टिक टिक आवाज यायला लागला. धाकटा पुढे झाला.

"ताई, थांबा," तो म्हणाला. "गाडी येतेच आहे. डॉक्टर बघतील."

"तोवर जातील ते. बाजूला हो."

अर्धं खरं बोलून भागत नाही, हे त्याला तेव्हा समजलं. तिने आजोबांचा शर्ट वर केला होता. खिडकीतून गाडीचा भोंगा ऐकू येत होता, पण लांबून, दुसऱ्याच कुठल्यातरी रस्त्यावरून. धाकट्याने तिचं मनगट धरलं.

"त्यांनी कालपासून काही खाल्लेलं नाही," तो म्हणाला. "पाणीसुद्धा नाही. उपास केलाय. मी शिकवला. आजाऱ्याने करायचा नसतो हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. साखर चढली नाहीये ताई, उतरलीय. ही सुई दिलीत तर ते जातील."

तिने त्याच्याकडे पाहिलं. असं कोणी आपल्याकडे परत पाहू नये, असं धाकट्याला वाटलं. मग तिने पेनकडे पाहिलं. आजोबा सकाळची सुई चुकवणाऱ्यातले नाहीत, हे तिला कोणी सांगायला नको होतं. रिकाम्या पोटी सुई. तिच्या हातातून पेन पडलं.

"साखर," ती म्हणाली आणि उठली, आणि दोन पावलांवर थबकली. घरातली सगळी साखर तिनेच नेली होती. ती वळून समोरच्या बाईंना हाक मारणार, इतक्यात धाकट्याने खुंटीवरची चामड्याची पिशवी ओढून काढली आणि आतली पुडी फोडली. कंडक्टर आजोबांचा राखीव कोटा. निम्मी साखर जमिनीवर सांडली. त्याने बोट तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, साखरेत घोळवलं आणि आजोबांच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळलं. आई आजीला करायची तसंच. घशात जाऊ नये म्हणून थोडं थोडं. मुलगी फरशीवर बसली होती आणि बापाचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. ती एकसारखी "बाबा, बाबा" म्हणत होती. रेडिओ चालूच होता.

किती वेळ गेला कोण जाणे. आजोबांनी आधी जीभ हलवली. मग त्यांनी धाकट्याचं बोट चक्क चोखलं. मग डोळे फिरले, स्थिरावले आणि वर आपल्या लेकीच्या तोंडावर येऊन थांबले. तिने उरलेली साखर पाण्यात ढवळून कप त्यांच्या ओठाला लावला. ते घोटघोट प्यायले.

"बसलीस," आजोबा म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. मग त्यांनी धाकट्याकडे मान वळवली आणि त्यांचा चेहरा हसण्याने उजळला. "लागू पडला रे पोरा. मी हेच मागितलं होतं. ही एकदा माझ्या घरात बसू दे म्हणून."

मुलीने ओठ दाताखाली धरला. पण ती उठली नाही.

धाकट्याला आयुष्यात कोणी असं वाक्य दिलं नव्हतं. हे वाक्य फोनवर वडिलांना सांगावं, वडिलांनी ते मंडळीत उभं राहून सांगावं, आणि बायकांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावावा. गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. पण त्याला म्हाताऱ्याच्या डोळ्यांत दिसत होतं, की हा आता दर महिन्याला उपास करणार. पुढच्या महिन्यात तिने जेवावं म्हणून, त्याच्या पुढच्या महिन्यात माफ करावं म्हणून. आणि तेव्हा दाराशी कोणी नसेल.

"उपासाने नाही बसल्या त्या, आजोबा," तो म्हणाला. "तुम्ही मरत होता, म्हणून बसल्यात. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. हा उपास तुमच्यासाठी नाही, परत कधीही करायचा नाही."

आजोबांचं हसू हळूहळू मावळलं. 

"म्हणजे त्याने ऐकलंच नाही?" त्यांनी विचारलं.

लोक काय काय प्रश्न विचारतील आणि कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, याचं शिक्षण धाकट्याला निघायच्या आधी दिलेलं होतं. त्याने आठवून पाहिलं. त्यातलं एकही उत्तर या खोलीत उभं राहण्याच्या लायकीचं नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. हे सांगताना त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. थोरला रुग्णवाहिकेच्या माणसांना घेऊन वर आला. त्यांनी बोट टोचून साखर तपासली आणि एकाने मान हलवत म्हटलं, अजून कमीच आहे, आधी केवढी असेल. त्यांनी विचारलं, साखर कोणी दिली? मुलीने धाकट्याकडे हात केला. सुई कोणाच्या हातात होती, ते ती बोलली नाही, आणि धाकटाही बोलला नाही. आजोबांना हाताला नळी लावून खुर्चीत बसवून खाली नेलं. जाताना त्यांनी कोणाचा निरोप घेतला नाही. फक्त पायातला एकुलता बूट बघून म्हणाले, दुसरा आणा रे कोणीतरी, असा जाऊ का मी? थोरला बूट घेऊन त्यांच्यामागे धावला.

खोलीत दोघंच उरले. मुलीने औषधांचा डबा पिशवीत भरला, जमिनीवरचं पेन उचललं, त्याचं टोपण लावलं.  दाराशी ती थांबली.

"मी तुझी तक्रार करणार आहे," ती म्हणाली.

"हो, ताई."

"करू नका, असं नाही म्हणणार?"

धाकट्याने नकारार्थी मान हलवली. आज रात्रीच तो प्रमुखांना स्वतः सगळं सांगणार होता. तिच्या तक्रारीने त्यात फार फरक पडणार नव्हता.   मग तिने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"साखर झाडून घे, मुंग्या होतील," ती म्हणाली. "रेडिओ बंद कर. उठल्यावर पहिलं तेच विचारतील. आणि किल्ली उद्या दवाखान्यात आणून दे. तूच ये."

ती जिना उतरून गेली. धाकट्याने झाडू शोधला, पलंगाखालची साखर ओढून काढली, रेडिओ बंद केला. खुंटीवर पिशवी परत अडकवली. मग दाराला कुलूप लावून त्याने ते दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली मुठीत घेऊन जिना उतरू लागला.